चांदपाशाचा कान

माझं नाव शिवकांता, माहेर कंधारचं. नांदेडला इतवाऱ्यात चांदपाशाच्या दुकानात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळत पंचवीस-तीस वर्षं गेली. चांदपाशा कसा माणूस आहे म्हणून कोणी विचारलं तर मी म्हणते, हिरा आहे, पण अकडू. आणि मी त्याच्या दुप्पट अकडू. सुंभ जळंल पण पीळ जळणार न्हाई, त्यातली गत. आमच्या दोघांच्या अकडीत एका पोरीचं वाटोळं झालं. ते कोणाला तरी सांगावं लागंल, न्हाईतर माझं पोट फुटंल. तुम्हाला सांगते, फक्त त्याच्या कानावर घालू नका.

आमच्याकडे अॅम्प्लिफायरला मशीन म्हणतात. जयंती असो, उरूस असो, सप्ता असो, लग्न असो, मशीन चांदचं. मुदखेड, हिमायतनगरपासून माणसं बंद पडलेली मशीनं घेऊन यायची. चांदभाई डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकायचा आणि झाकण न उघडता सांगायचा, "डाव्या बाजूचा कंडेन्सर सुकलाय." उघडून पाहावं तर सुकलेलाच. मीटर-बिटर नंतर. लोकांत त्याला नावच पडलं होतं, कानवाला चांद. त्यालाही ते लई आवडायचं, कोणी तसं म्हणलं की मिशीत हसायचा मेला.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. चांदभाई तिसऱ्या दिवशी मदतीच्या ट्रकात बसून गेला. बरोबर बॅटरीवरचं छोटं मशीन, एक माईक आणि कानाला लावायचे हेडफोन. ढिगाऱ्याच्या फटीत माईक सोडायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि खाली कोणी श्वास घेतंय का ते ऐकायचं. ही कल्पना त्याचीच. एक म्हातारी त्यानं जिवंत काढवली. एकदा तासभर उकरल्यावर खालून शेळी निघाली, तरी माणसं रडली म्हणे. आणि पाचव्या दिवशी आवाज पूर्ण वाढवलेला असताना कोणीतरी वरून लोखंडी पत्रा टाकला, नेमका माईकशेजारी. चांदभाई जागच्या जागी खाली बसला. त्या घडीपासून त्याच्या दोन्ही कानांत शिट्टी वाजते. ती बंद झाली न्हाई.

दोन वर्षं त्यानं कोणाला सांगितलं न्हाई, त्याच्या बायकोला, हसीनाभाभीला पण न्हाई. मग एक मशीन हिमायतनगरहून परत आलं. मी म्हणलं, "चांदभाई, ही एवढी शिट्टी वाजून राहिली अन् तू पास करून दिलं? ऐकू येईना का तुला?"

तो उठला, शटर अर्धं ओढलं आणि खाली मान घालून बोलला. "ऐकू येते गं बाई. पण मला तर चोवीस तास येते. माझी कोणती अन् मशीनची कोणती, कसं ओळखू?"

मला गलबलून आलं. त्या दिवसापासून त्याचा कान मी झाले. तो डोळे मिटून बसायचा, गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडं पाहायचं, आणि तो एक डोळा किलकिला करून माझ्याकडं. मी मान हलवली की "साफ!" म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वीस वर्षं ती मूठ झाकली आणि मला त्याचं कधी ओझं वाटलं न्हाई.

त्याची लेक लायबा. माझ्या मांडीवर खेळलेली, मला मावशी म्हणायची. पोरगी अशी हुशार की दहावीला तिच्या शाळेत पहिली. डॉक्टर व्हायचं, बस्स, दुसरं बोलणंच न्हाई. बारावीला मेडिकलची सीट थोडक्यात हुकली. अगदी थोडक्यात, यादी जिथं संपली तिथून चार हात. तोवर नांदेड-लातुरात क्लासांचा नुसता बाजार भरलेला. एवढ्या मार्कांची पोरं एक वर्ष रिपीटर बॅचला बसायची आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टर होऊन निघायची. पण चांदपाशासारख्या माणसानं लातूरचा क्लास आणि हॉस्टेल कुठून भरावं? लायबा घरी पुस्तकं उघडून बसायची आणि भाभी मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "शिवकांता, काही रस्ता निघंल का गं?"

रस्ता आपल्या पायानं चालत आला. लातूरचे शेषेराव सर. फिजिक्सवाले. त्यांच्या क्लासला चार हॉल. एका हॉलात सर स्वतः शिकवणार आणि बाकी तीन हॉलात पोरं पडद्यावर पाहणार, स्पीकरवर ऐकणार. त्यासाठी हैदराबादहून नवा डिजिटल डब्बा आणलेला, तो कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून बाहेर द्यायचा. पण आवाज द्यायचा दोन तारांवर, आणि हॉलातल्या मशीनला लागायची एकच तार अन् अर्थिंग. लातूरच्या मेकॅनिकनं काय केलं? आमच्याकडचे सगळे करतात तेच. एक तार जास्तीची दिसली की जोडली अर्थिंगला अन् झाला मोकळा. डब्बा तापला, आवाज अर्धा झाला आणि वर गुणगुण. मग कोणीतरी कानवाल्या चांदचं नाव सांगितलं.

सर गाडी करून दुकानात आले. म्हणले, "चारही हॉलात आवाज साफ करून दे अन् वर्षभर सांभाळ. तुझ्या पोरीला रिपीटरला घेतो, हॉस्टेलसकट." चांदभाईनं दोन्ही हात जोडले. मी बोबिन खाली ठेवून डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

चांदभाईनं मला ते काम समजावून सांगितलं होतं. दोन तारांत बोलणं तेच असतं, पण एकीत वर जातं तेव्हा दुसरीत खाली. वाटेत जी गुणगुण चिकटते ती मात्र दोन्हींत सारखी. एकीतून दुसरी वजा केली की गुणगुण जाते आणि बोलणं दुप्पट होऊन एका तारेवर येतं. ही वजाबाकी करायला मध्ये एक छोटं कार्ड लागतं, एक आयसी, म्हणजे आठ पायांची काळी चिप, आणि चार रेझिस्टन्स. चारी तंतोतंत सारखे पाहिजेत, उन्नीस-बीस झाले की वजाबाकी अर्धवट. मी दोन दिवस बसून तीनशे रेझिस्टन्स मीटरवर मोजले आणि त्यातून जुळे-तिळे निवडावेत तसे चार कार्डांचे सोळा काढले. डोळ्यांतून पाणी यायचं, पण मी म्हणायचे, लायबासाठी हाय.

अडलं होतं आयसीवर. दोन जाती समोर होत्या. एकीचा नंबर पंचेचाळीस अठ्ठावन्न, जुनी, प्रत्येक गावठी मशीनमध्ये सापडणारी. दुसरी पंचावन्न बत्तीस, जास्त चपळ. चांदभाई म्हणला, "डब्ब्यातून बोलण्याबरोबर लई बारीक कचरा पण येतो, कानाला ऐकू न येणारा. चपळ आयसी त्याला झेलते अन् शेजारचा कंडेन्सर त्याला बाजूला करतो. सुस्त आयसी धडपडते, मग तोच कचरा शिट्टी होऊन खाली उतरतो. कोणती चालंल, हे इथं बेंचवर कळणार न्हाई. लातूरला डब्ब्याला लावून ऐकावं लागंल. तू चल." मी म्हणलं, हाव, चलते की. त्यात काय.

जायच्या आदल्या दिवशी शेषेराव सर पुन्हा आले, काम कुठवर आलं पाहायला. बेंचवर एक मशीन चालू होतं आणि मी सवयीनं मान तिरकी करून ऐकत होते. सरांनी माझ्याकडं पाहिलं. "ही बाई काय करून राहिली?"

आता सांगावं तर काय सांगावं? काही पण सांगता आलं असतं. हेल्पर हाय, म्हणता आलं असतं. पण चांदभाईला वाटलं मूठ उघडली. तो खदाखदा हसला. "काय न्हाई हो सर, कॉइल गुंडाळणारी बाई हाय. रिकामी बसली की कान देते. तिला काय घंटा कळतंय?"

सर पण हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं, अहो वीस वर्षं ज्याच्या नावाचा डंका माझ्या कानावर वाजला, त्यानं मला परक्यासमोर असं म्हणावं? सर गेल्यावर मी चप्पल घातली. म्हणलं, "जा आता लातूरला. तुझा कान घेऊन जा." त्यानं माफी मागितली न्हाई, तोंड वळवून बसला. सांजच्याला भाभी माझ्या घरी खिमा अन् रोट्या घेऊन आली. म्हणली, "तो मूर्ख हाय, तू तर शहाणी हायस ना?" मी रोट्या ठेवून घेतल्या आणि लातूरला गेले न्हाई. तेव्हा मला वाटलं, बरी जिरवली.

तो एकटा गेला. दोन्ही आयसी लावून पाहिल्या. दोन्ही वेळेला त्याला शिट्टी ऐकू आली, कारण त्याला ती ऐकू येतेच. मग त्यानं काय करावं? कान सोडला आणि बोट लावलं. चपळ आयसी बोटाला गरम लागली, जुनी थंडगार. आता लातूरचा उन्हाळा, कार्ड पत्र्याच्या बंद पेटीत. आमच्याकडचे मेकॅनिक बोटावरच सगळं ठरवतात, गरम लागंल ते मे महिन्यात मरंल. त्याच्या मनात एकच भीती, वर्षाच्या मधेच आयसी उडाली, हॉल बंद पडला, तर सर पोरीला काढून टाकतील. म्हणून त्यानं थंड आयसी लावली. ती दुसरी जातच जरा गरम चालते, त्याला काही होत न्हाई, हे आम्हाला नंतर कळलं.

परत आल्यावर त्यानंच बोलणं काढलं. "अठ्ठावन्न टाकली. गार राहते."

मी म्हणलं, "कोणाकडून ऐकवून घेतलं का?"

"सर म्हणले, एकदम साफ."

सर छप्पन वर्षांचे. त्या वयात बारीक शिट्टी कोणाला ऐकू येते? मी त्यांच्याहून लई धाकटी, अन् माझा कान रोजचा घासलेला. माझ्या जिभेवर आलं होतं, चल, मी येऊन ऐकते. पण ते 'काय घंटा कळतंय' अजून कानात होतं. मी गप बसले. त्या गप बसण्यासाठी देव मला माफ करो, मी तर स्वतःला केलं न्हाई.

लायबा लातूरला गेली. चांदभाई दर महिन्याला कार्डं पाहायला जायचा, परत येऊन छाती फुगवून सांगायचा, "आवाज काय साफ हाय म्हणून सांगू! पोरीलाच विचारलं मी." दिवाळीच्या सुटीत ती आली तेव्हा डोळ्यांखाली काळं, तोंड सुकलेलं. भाभी म्हणली, अभ्यासानं. मी पण म्हणलं, अभ्यासानं. दोन वाक्यं बोलली की कपाळ दाबायची. आम्ही तिला बदाम भिजवून दिले.

जूनमध्ये निकाल लागला. पहिल्या खेपेपेक्षा मार्क कमी. थोडेथोडके न्हाई, इतके कमी की मेडिकल सोडा, जवळपास पण कुठं नाव न्हाई. शेषेराव सर फोनवर चांदभाईला म्हणले, "वाईट वाटून घेऊ नका. काही पोरांची झेपच तेवढी असते." चांदभाई दिवसभर एक मशीन उघडून बसला आणि त्याला हात लावला न्हाई. मग घरी जाऊन, जन्मात कधी केलं न्हाई ते केलं. पोरीवर हात उचलला. म्हणला, "शेकडो पोरांनी माझ्या मशीनवर ऐकून मार्क काढले. तुलाच काय ऐकू येत नव्हतं?"

ती म्हणली, "येत होतं, अब्बा."

घरात ते आपसात दखनीत बोलतात, मी माझ्या बोलीत सांगते. पण मी दारात उभी होते आणि मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या घरी आणलं, पुढ्यात चहा ठेवला. म्हणलं, "लेकरा, खरं सांग. कोणी त्रास दिला का?" ती एकदम म्हणली, "मावशी, चौथ्या हॉलात शिट्टी वाजायची. पहिल्या दिवसापासून."

मी बशी खाली ठेवली. म्हणलं, पुढं सांग.

फुकटातली पोरं चौथ्या हॉलात शेवटच्या बाकावर बसवायचे, स्पीकरच्या बरोबर खाली. रोजचे सहा तास. कानात कापूस घातला तर सरांचं बोलणं पण जायचं. कापूस काढला की डोकं असं ठणकायचं की पोरीला उलट्या व्हायच्या. इतर पोरींनी तक्रार केली. सर येऊन उभे राहिले, म्हणले, मला तर काही ऐकू येत न्हाई. मग सगळ्यांसमोर लायबाला विचारलं, "तुझ्या वडिलांचं मशीन आहे. सांग, वाजतं का?"

"मग तू काय म्हणलीस?"

"न्हाई म्हणलं."

त्या दिवसापासून पोरी तिच्याशी बोलेनात. भांडून-तंडून त्यांनी जागा बदलून घेतल्या. त्या बाकावर ही एकटी राहिली.

मी ओरडले, "अगं पण बापाला सांगायचं होतंस! दर महिन्याला येत होता ना?"

"येत होते. स्पीकरखाली उभे राहायचे. मला वाटायचं, आता त्यांना कळंल. मग माझ्याकडं पाहून विचारायचे, साफ येतंय ना? मावशी, अब्बांना ऐकू येत न्हाई, हे मला तिथं कळलं. लोक त्यांना काय म्हणून ओळखतात, तुला माहीत हाय. मी शिट्टी वाजते म्हणलं असतं तर ते जगले असते का?"

मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. मी उठले, म्हणलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते त्याला, बस झालं हे झाकणं. तिनं माझा पदर धरला. "मावशी, अब्बांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." आता बोला. अठरा-एकोणीस वर्षांचं लेकरू डोळ्यांत पाणी न आणता हे बोललं.

मी तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लातूरला गेले. चांदभाईनं धूळ झटकायला पाठवलंय म्हणून सांगितलं, तर शिपायानं चावी दिली. नवी बॅच सुरू व्हायची होती, हॉल रिकामे. मी डब्बा चालू केला. चौथ्या हॉलात पाय ठेवला आणि ती ऐकू आली. बारीक, कधी न थांबणारी. मला दोन मिनिटं उभं राहवलं न्हाई, आणि पोरगी वर्षभर त्याखाली बसली. मी पेटी उघडली, जुनी आयसी काढली, चपळ आयसी बसवली. शिट्टी गेली. बाकी हॉलांत ती दबकी होती, तिथल्या पण बदलल्या. एका कार्डाला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं! मी मागच्या साली आले असते तर हेच दहा मिनिटांचं काम होतं. वरातीमागून घोडं. मी त्या शेवटच्या बाकावर बसून स्वतःला अशा शिव्या दिल्या की शिपाई दारात येऊन पाहून गेला.

सर पुढच्या महिन्यात चांदभाईला म्हणले, यंदा आवाज आणखी सुधारलाय, पोरीला आणखी एक वर्ष पाठवायचं असंल तर पाठव. मी मनात म्हणलं, देवा, पाठव रे तिला. मी लायबाला एकटीला गाठून सांगितलं, "शिट्टी काढलीय मी. आता जा." ती म्हणली, "मावशी, आता पुस्तक उघडलं की ती आपोआप वाजते. स्पीकर नसला तरी." बापाला तिनं सांगितलं, माझं डोकं चालत न्हाई, मला न्हाई शिकायचं. त्यानं ते खरं मानलं. महिनाभर तिच्याशी बोलला न्हाई, मग एक दिवस म्हणला, घरात बसून काय करती, दुकानात येत जा.

आता ती माझ्या शेजारी बसते. सोल्डरिंग सुरेख करते. मशीन चालू केलं की तिची मान तिरकी होते आणि मी काही बोलायच्या आत ती दोष सांगते. चांदभाई आता माझ्याकडं पाहत न्हाई, तिच्याकडं पाहतो. मागच्या आठवड्यात मुदखेडचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. म्हणलं, "चांदभाई, लेक दुकानात? तुम्ही तर डॉक्टर करणार होता ना?"

चांदभाई हसला. लई दिवसांनी मिशीत हसला. "डॉक्टरकी तिच्या डोक्यात नव्हती हो, काय करता. पण कान बघा तिचा. सगळा माझ्यावर गेलाय."

मी लायबाकडं पाहिलं. तिनं सोल्डरिंगवरून नजर काढली न्हाई. म्हणली, "हाव काका. अब्बांचाच कान हाय."